अडलेला स्क्रू

नागपूरच्या पूर्वेकडील कळमना हें नांव बाहेरगांवच्या लोकांस ठाऊक असतें तें तेथील बाजारामुळें. धान्य, संत्रीं आणि मिरची यांची ती मोठी पेठ. फाल्गुनांत लाल मिरचीची आवक वाढली आणि वारा आमच्या बाजूस वळला, कीं सारें घर शिंकूं लागतें. घर जुन्या धर्तीचें आहे. वडील, थोरले बंधु, वहिनी, आम्ही उभयतां आणि चार मुलें, अशीं नऊ माणसें एका छपराखालीं राहतों. या नऊ जणांचे हातपाय धुण्याचा, भांडीं विसळण्याचा आणि पूजेचें पाणी भरण्याचा बहुतेक भार मागल्या पडवींतील एका नळावर आहे. तो नळ गेल्या फाल्गुनांत गळूं लागला.

प्रथम कोणीं लक्ष दिलें नाहीं. पुढें रात्रीं निजानीज झाल्यावर ठिबकण्याचा आवाज ऐकूं येऊं लागला. माझ्या पुतण्यानें घड्याळ लावून थेंब मोजले. सेकंदास एक भरला. दिवसाचे ८६,४०० थेंब, आणि २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर सुमारें सव्वाचार लिटर पाणी रोज वाया जातें, असा हिशेब त्यानें पानावर बसल्या बसल्या मांडला. उन्हाळा तोंडावर आलेला. ज्या शहरानें कन्हान आणि पेंच या नद्यांच्या पाण्यावर दिवस काढावयाचे, तेथें हा हिशेब ऐकून न ऐकल्यासारखें करणें शक्य नव्हतें. वहिनींनीं माझ्याकडे पाहिलें. घरांतील असलीं कामें अलीकडे माझ्याकडे आलीं आहेत.

वास्तविक तीं वडिलांचीं. मोतीबागेंतील रेल्वेच्या कारखान्यांत त्यांनीं एकतीस वर्षें नोकरी केली आणि शेवटीं ते चार्जमन होऊन निवृत्त झाले. अडीच फुटी रुळांवरून सातपुड्याकडे धांवणाऱ्या लहान गाड्या तेथें दुरुस्त होत. घरांतील कुलुपें, पंखे, शिवणयंत्र, सारें त्यांच्याच हातचें. परंतु दोन वर्षांपूर्वीं दिवा बदलतांना ते स्टुलावरून पडले आणि मनगट मोडलें. तेव्हां मीं त्यांची हत्यारांची पेटी उचलून माझ्या कपाटांत ठेवली आणि म्हटलें, “बाबा, आतां तुमच्यानें हीं कामें होणार नाहींत. तुम्ही स्वस्थ बसा.” मला वाटलें, मी काळजीपोटीं बोललों. ते कांहीं बोलले नाहींत. पुढें एकदां त्यांच्या चष्म्याच्या दांडीचा स्क्रू ढिला झाला, तेव्हां तो पिळून घेण्यासाठीं ते उन्हांतून दुकानापर्यंत चालत गेले. घरांत पेटी होती, तींत बारीक पेचकस होता. पण त्यांनीं तो मागितला नाहीं. ही गोष्ट मला कळली होती, आणि मीं ती मनाआड केली होती.

तर रविवारीं सकाळीं मी कामास लागलों. काम पंधरा मिनिटांचें. गच्चीवरील टांकीची चावी बंद करावयाची, नळाच्या मुठीवरील लहानसा स्क्रू काढावयाचा, मूठ व तिच्याखालचें टोपण उचलावयाचें, पान्यानें आंतला नट सोडवून झिजलेलें वायसर बदलावयाचें. पण स्क्रू हलेना. मीं जोर केला, हलेना. मीं दांतओठ खाऊन जोर केला, तेव्हां पेचकस घसरला आणि स्क्रूच्या माथ्यावरील चौफुलीची गुळगुळीत वाटी झाली. आतां पेचकसास धरावयास कांहींच उरलें नाहीं. प्लंबर आला, त्यानें पाहिलें आणि सांगितलें कीं अख्खा नळच पिळून काढावा लागेल. भिंतींतला लोखंडी पाइप जुना आहे, तो आंत मोडला तर भिंत फोडावी लागेल. उद्यां येतों म्हणून तो गेला.

दुपारीं वडील पडवींत आले आणि पाट घेऊन नळासमोर बसले. मी बोलणीं ऐकावयाच्या तयारीनें उभा होतों.

“जोर केलास?”

“हो.”

“किती?”

“होता तेवढा.”

ते किंचित हंसले. मी आंत गेलों, कपाट उघडलें आणि पेटी आणून त्यांच्यापुढें ठेवली. तें अंतर दहा पावलांचें असेल. पण दोन वर्षांत मला तें चालतां आलें नव्हतें. “बाबा, कसा काढायचा तो तुम्हीच सांगा,” मीं म्हटलें.

त्यांनीं पेटीकडे पाहिलें नाहीं. ते स्क्रूकडेच पाहत राहिले. मग म्हणाले, “मूठ पितळेची, स्क्रू पोलादाचा. दोन धातु ओल्यांत एकत्र नांदले कीं त्यांतला लोखंडाचा अंश आधीं खाल्ला जातो. त्याचा गंज होतो, आणि गंजाला मूळ लोखंडाहून जास्त जागा लागते. म्हणजे आट्यांत तो फुगून बसतो. हट्टानें बसलेला नाहीं रे तो. त्याला हलायला जागाच उरलेली नाहीं.”

पुतण्या धांवत जाऊन गंज सोडविणाऱ्या तेलाची फवारणीची डबी घेऊन आला, आणि फोनवर पाहून त्यानें तिची माहितीहि वाचून दाखविली. डब्ल्यूडी-४० हें तें तेल १९५३ सालीं अमेरिकेंत, अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यास गंज चढूं नये म्हणून तयार झालें. नांवांतला चाळीस हा आंकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा. “चाळीस वेळां थांबले, म्हणून जमलें,” वडील म्हणाले. “आपण एक रात्र थांबूं.” स्क्रूच्या कडेनें त्यांनीं तेल सोडावयास लावलें, हातोडीनें माथ्यावर हलके ठोके मारावयास सांगितले, आणि मेणबत्ती घेऊन येणाऱ्या मुलीस अडविलें, तें तेल पेट घेतें आणि आंचेनें आंतलें रबरहि जळतें.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर मुलें त्यांच्याभोंवतीं बसलीं. फार दिवसांनीं मीं त्यांना कारखान्याविषयीं बोलतांना ऐकलें. पूर्वीं ज्याच्या त्याच्या कारखान्याचे आटे वेगळे असत, एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटास बसत नसे. १८४१ सालीं जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिरानें ५५ अंशांच्या कोनाचा एकच आटा सर्वांनीं धरावा असें सुचविलें, आणि आज आपल्या नळाचे व पाइपचे आटे त्याच कोनाचे आहेत, हें त्यांनीं सांगितलें. “म्हणून कोणत्याहि दुकानांतला नळ आपल्या भिंतीला बसतो,” ते म्हणाले.

सकाळीं त्यांनीं करवतीच्या पात्यानें माथ्यावर सरळ खांच पाडावयास लावली. मग कढत पाणी मुठीवर ओतविलें. उष्णतेनें पितळ पोलादाच्या सुमारें दीडपट फुगतें, तेवढीच आट्यांस मोकळीक. मीं रुंद पेचकस खांचेंत बसविला.

“आतां आवळ.”

मला वाटलें, चुकून बोलले. “सोडवायचा ना, बाबा?”

“सोडवायचाच आहे. पण आधीं जरासा आवळ. केसाएवढा. गंजाची पकड कोणत्याहि बाजूनें मोडते; तूं काल एकाच बाजूनें भांडलास.”

मीं पेचकसावर भार देऊन किंचित आवळलें. कट् असा बारीक आवाज झाला. वडिलांचे डोळे मिटलेले होते. त्यांनीं तो कानानें टिपला. “आतां उलट. पाव फेरा. थांब. परत थोडा आंत. तेल सोड. आतां बाहेर.” दहा मिनिटांत तांबूस चिखलानें माखलेला तो नखाएवढा स्क्रू माझ्या तळहातावर पडला. भिंत वांचली, प्लंबरला निरोप गेला. वायसर बदललें. नवा स्क्रू त्यांनीं पितळेचा घ्यावयास लावला आणि आट्यांस बोटभर ग्रीस लावविलें. “पुढच्या माणसाला उघडतां आला पाहिजे,” ते म्हणाले.

पेटी मीं माझ्या कपाटांत परत नेली नाहीं. ती त्यांच्या खाटेखालीं, तिच्या जुन्या जागीं ठेवली. संध्याकाळीं मी तिकडून जात असतां ते खाटेवर बसले होते, पेटी उघडी होती, आणि एका हातांत चष्मा व दुसऱ्यांत बारीक पेचकस होता. दुकानदारानें पिळलेला स्क्रू पुन्हां ढिला झाला होता. पेचकसाचें टोंक खांचेजवळ जाई आणि हात कांपून बाजूस सरके. मी दारांतच थबकलों. मदत करूं म्हणावें, तर मागलेच शब्द निराळ्या रूपानें बोलल्यासारखें होईल. न म्हणावें, तर त्यांचे कष्ट पाहवत नव्हते.

त्यांनीं मान वर केली आणि चष्मा माझ्यापुढें धरला.

“हात कांपतो रे माझा. तूं कर,” ते म्हणाले. “मी सांगतों.”