हुकूम आणि नाव

हुकूम लिहिणे सोपे. तो ज्याच्याकडे जावयाचा त्याच्यापर्यंत अखंड पोहोचणे कठीण. हे शहाणपण कचेरीत मुरलेल्या वाचकांना आम्ही शिकवावे असे नाही. परंतु संगणकही त्याच कचेरीच्या रीतीने चालतो, हे कळले तेव्हा आम्हांला मोठी मौज वाटली.

युनिक्सच्या घराण्यातील संगणकावर आपण टंकलेली ओळ प्रोग्रामच्या हाती थेट पडत नाही. मध्ये शेल नावाचा शिरस्तेदार बसलेला असतो. मोकळी जागा दिसेल तेथे तो ओळ तोडतो. तारकाचिन्ह आले तर त्या जागी फायलींची नावे मांडतो. आणि मग शब्दांची यादी आत पाठवितो. विंडोजच्या राज्यात रिवाज निराळा. तेथे ओळ अखंड आत जाते आणि ती तोडण्याचे काम प्रोग्रामवर पडते.

नावातच मोकळी जागा असेल तर ते अवतरणचिन्हांत घालावे, म्हणजे शेल त्याला हात लावीत नाही. ही सोय माणसांत नाही. दक्षिणेतील एका कचेरीत आमच्या तिपदरी नावाचे असे तुकडे पडले, की वडिलांचे नाव हेच आमचे आडनाव ठरले. कारकून बिचारा सज्जन होता. नाव कोठे तोडावे याचा त्याच्या प्रांतातला नियम वेगळा, इतकेच.

यादी हाती आल्यावर प्रोग्रामपुढे प्रश्न उरतो: यातला हुकूम कोणता आणि नाव कोणते? रूढी अशी, की आडव्या रेघेने सुरू होणारा शब्द काम कसे करावे ते सांगतो, बाकीची नावे. पूर्वी जो तो प्रोग्राम हा निवाडा आपापल्या परीने करी. १९८५ साली डॅलस येथील युनिफोरम परिषदेत एटी अँड टी कंपनीने ‘गेटऑप्ट’ हा आपला निवाड्याचा प्रोग्राम सर्वांस खुला केला, आणि पुष्कळांची रीत एक झाली.

तरी एक पेच उरतोच. ‘आरएम’ हा प्रोग्राम फायली पुसतो. रेघ आणि ‘आर’ हे अक्षर दिले, की आतल्या मजकुरासह फोल्डरही पुसतो. आता एखाद्या फायलीचे नावच ‘रेघ आणि आर’ असे असले, तर? तारकाचिन्हाच्या जागी शेल तेही नाव मांडतो, ‘आरएम’ त्याला हुकूम समजतो, आणि फायलींबरोबर फोल्डरही जातात. जिच्यामुळे हे घडले ती फाईल मात्र शाबूत राहते, कारण तिला कोणी नाव मानलेलेच नसते!

यावर उतारा आहे तो दोन आडव्या रेघांचा. त्या सुट्या लिहिल्या, की पुढचे सारे शब्द, दिसावयास कसेही असोत, नावेच समजावीत असा संकेत आहे. यंत्राला मनातला हेतू ओळखता येत नाही. हुकूम कोठे संपला हे सांगण्याची जबाबदारी, यंत्र झाले तरी, हुकूम देणाराचीच.