शेड नंबर तीन

माझ्या डोक्यातला पहिला पांढरा केस मला सापडला नाही. तो सापडला माझ्या मैत्रिणीला, आणि तिने तो व्हायव्हाच्या रांगेत उभं असताना सगळ्यांसमोर जाहीर केला. वय वर्षं १९. फायनल इयरपर्यंत त्या एकाचे इतके झाले की मी मोजणं सोडून दिलं. डॉक्टर म्हणाले, आपल्याकडे पंचविशीच्या आत केस पांढरे झाले तर त्याला अकाली म्हणतात, आईकडून आलं असेल, घाबरू नकोस. घाबरले नाही मी. घरी येऊन रडले मात्र.

घरी म्हणजे मामाकडे. मी साताऱ्याची, पण इंजिनिअरिंग केलं सांगलीला, आजोळी राहून. मामाचं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे. माझं रडणं बघून त्याने जे समजावलं ते मी अजून विसरलेले नाही. म्हणाला, "अगं, शेतातनं निघालेलं हळकुंड बघितलंयस का कधी? मळकं, खरबरीत. ते शिजवायचं, वाळवायचं, मग ड्रममध्ये घालून फिरवायचं, आणि शेवटी वरनं हळदीचीच पूड टाकायची. तेव्हा कुठं ते पिवळंधमक दिसतं. त्याला कोण खोटी हळद म्हणतं का?" सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मामाने पेढे वाटले होते. मला वाटलं, पॉलिशलासुद्धा मानांकन मिळालंय :)

तर २०१९ मध्ये पुण्यात नोकरी लागली आणि पहिल्या पगारात मी केस रंगवले. काळे नाही, बरगंडी. त्या दिवशी परत येताना मी प्रत्येक दुकानाच्या काचेत स्वतःला बघत होते. हे लिहिताना थोडी लाज वाटतेय, पण खरं आहे. शाळेपासून मी "हुशार आहे हो" या गटातली. "छान दिसते" या गटातल्या मुली वेगळ्या होत्या. त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं की आपण दोन्ही असू शकतो.

मग शनिवारी गेले साताऱ्याला. पोवई नाक्यावर उतरून घरी पोचेपर्यंत तिघींनी विचारलं, "काय गं, केस लाल केलेस?" चौथी माझी आत्याच होती. ती म्हणाली, "अजून स्थळं बघायची आहेत हो तुझी." मी आईकडे बघितलं. आई दर महिन्याला, दुसऱ्या रविवारी, न चुकता काळा रंग लावायची. म्हटलं, "ही पण लावतेच की!" आई शांतपणे म्हणाली, "माझं कुठं दिसतं?"

तेव्हा एक नियम कळला, जो कुठल्याही सिलॅबसमध्ये नाही. लपवण्यासाठी रंग लावला तर बाई नीटनेटकी, दिसण्यासाठी लावला तर बाई जरा 'तशी'. केमिस्ट्री दोन्हीकडे तीच. अमोनियाने केसावरचे खवले उघडायचे, पेरॉक्साइडने आतला रंग उडवायचा आणि त्यानेच नव्या रंगाचे छोटे रेणू एकमेकांना जोडून इतके मोठे करायचे की ते केसातून बाहेर पडू शकणार नाहीत. केसाला कुठं माहीत असतं आपण सोज्वळ आहोत की नाही ते!

असो. ही गोष्ट माझी नाही, आईची आहे.

मे २०२१ मध्ये बाबा गेले. त्या महिन्यात कितीतरी घरांत जे झालं तेच. त्याबद्दल इथे लिहीत नाही. माझं वर्क फ्रॉम होम चालू होतं, म्हणून मी साताऱ्यातच राहिले, वर्षभर. आई झेडपीच्या शाळेत शिक्षिका. तिला कुणी कुंकू पुसायला लावलं नाही, बांगड्या फोडल्या नाहीत. आमचं घर तसं सुधारलेलं, निदान आम्ही तसं समजतो. ती टिकली लावून शाळेत जाऊ लागली तेव्हा आजीसुद्धा काही बोलली नाही.

पण तिने रंग लावणं बंद केलं.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. जूनमध्ये भांगात पांढरी रेघ दिसली. गणपतीपर्यंत ती चार बोटं झाली. दिवाळीत पांढरं कानापर्यंत आलं, खाली काळं. माझ्यासारख्या माणसाला ती लॉग फाइलच वाटायची. काळं जिथे संपतं तिथे मे महिना होता, आणि तो रोज थोडा खाली सरकत होता. एक दिवस आईने केस खांद्यापर्यंत कापले आणि मे महिना डोक्यावरून गेला. बाथरूमच्या कपाटात रंगाची दोन पाकिटं तशीच होती. तिने ती वापरली नाहीत आणि टाकलीही नाहीत.

शाळेत तिसरीतल्या एका पोराने विचारलं, "बाई, तुम्ही आजी झाला का?" हे तिने घरी हसत हसत सांगितलं. रात्री ती बराच वेळ आरशासमोर उभी होती.

पुढच्या वर्षी, म्हणजे ४ मे २०२२ ला, हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला. हेरवाड हे शिरोळ तालुक्यातलं गाव. जिल्हा कोल्हापूर, पण सांगलीहून जवळच. नवरा गेल्यावर बायकोचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं, जोडवी काढायची, हे सगळं गावात बंद. त्याच महिन्यात सरकारनेही परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. आईने ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली. "चांगलं केलं बाई," म्हणाली. आजीला तिच्या लहानपणी पाहिलेली एक आत्या आठवली. लाल आलवण नेसलेली, डोक्यावरून पदर, आणि पदराखाली काही नाही. आजी म्हणाली, "न्हावी मागच्या दाराने यायचा."

मी नंतर वाचलं, १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली होती आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं त्यांनी ठरवलं होतं. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच नाही म्हटलं! केवढी मोठी गोष्ट आहे ही. सावित्रीबाई आमच्याच जिल्ह्यातल्या, नायगावच्या, म्हणून या चळवळीचा आम्हाला शाळेपासून अभिमान. पण हेरवाडचा ठराव आणि ही गोष्ट शेजारी ठेवून बघताना माझ्या लक्षात आलं की आईच्या बाबतीत नाही म्हणायला कुणी शिल्लकच नाही. वस्तरा कुणी धरला असता तर हात धरता आला असता. 'विधवेने केस रंगवू नयेत' अशी प्रथाच नाही, मग ठराव कशाचा करणार? तो नियम आईने एकटीने, कुणी न सांगता, स्वतःला लावून घेतला होता.

एकदा मी बोलायला गेले आणि वाईट बोलले. "आई, तू फार म्हातारी दिसतेस. रंग लाव ना परत." ती म्हणाली, "आता कुणासाठी लावू?"

मला राग आला. म्हटलं, "बाबांसाठी लावायचीस?"

आई आधी गप्प बसली आणि मग हसायलाच लागली. "त्यांना कधी कळलं गं? एकदा मी केस पार मानेपर्यंत कापून आले तर विचारतात, चष्मा बदललास का? रंगाच्या दिवशी फक्त म्हणायचे, घरात कसला वास येतोय." आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. बाबा गेल्यानंतर त्यांच्यावर आम्ही पहिल्यांदाच हसत होतो. मग ती उठून आत गेली. विषय तिथेच संपला असं मला वाटलं.

तो संपायला आणखी दोन वर्षं लागली. मामेभावाचं लग्न ठरलं, सांगलीत. लग्नाच्या तीन आठवडे आधी आईचा फोन आला. शाळा, गॅस, पाणी, सगळं झाल्यावर म्हणाली, "येताना ते केसांचं घेऊन येतेस का? पण काळा नको."

"मग?"

"तुला कळतं त्यातलं. लाल नको तुझ्यासारखा. पण काळा नको आता."

शेडचे नंबर असतात. एक म्हणजे काळा, आणि नंबर जसा वाढेल तसा रंग फिका होत जातो. मी तीन घेतला, डार्क ब्राऊन. शुक्रवारी रात्री कानामागे थेंबभर लावून बघितलं, कारण जुन्या पाकिटांनी तिला कधी कधी खाज यायची हे तिने आत्ता सांगितलं. इतकी वर्षं खाज सहन करून लावत होती! ४८ तास थांबायचं म्हणून सोमवारी सुट्टी टाकली. मॅनेजरला कारण सांगितलं 'पर्सनल'. याहून पर्सनल काय असणार.

अंगावर घ्यायला तिने कपाटातून बाबांचा जुना शर्ट काढला. मी काही बोलले नाही. अंगणात खुर्ची टाकली, मागे उभी राहून भांग पाडून एकेक बट घेतली. लहानपणी ती माझ्या दोन वेण्या घालायची, कंगव्याच्या टोकाने भांग काढत, हललं की टपली मारत. आज ती हलली की मला हसू येत होतं. तिच्या डोक्यावर एक जुनी खूण आहे, ती मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. विहिरीजवळ पडले होते, म्हणाली. सांगलीला, सातवीत.

केस वाळल्यावर ती आरशात गेली. मी दारातून बघत होते. तिने आधी समोरून बघितलं, मग डावीकडून, मग उजवीकडून. मग खिडकी उघडली आणि उजेडात बघितलं. मला एकदम त्या दुकानांच्या काचा आठवल्या.

लग्नात हळद लावायला पाच सवाष्णी बोलावल्या. त्यांत ती नव्हती. ती मागे उभी होती, सगळ्यांबरोबर. सगळं बदललं असं मी सांगणार नाही, कारण बदललेलं नाही. पण जेवायच्या पंगतीत एका नात्यातल्या बाईने तिला वरपासून खालपर्यंत बघून विचारलंच, "केस रंगवलेत वाटतं? आता कशाला हे सगळं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. लोखंडे, हेरवाड, सगळं तयार होतं. आईने जिलेबीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "हौस."

बास. एवढंच.

ता. क. - परवाच्या रविवारी घरी गेले होते. भांगात पांढरी रेघ परत आलीय, दीडेक सेंटिमीटर. पुन्हा लावणार का, मी विचारलं नाही. तिने मात्र मला विचारलं, की स्थळांसाठी फोटो काढायचाय तर मी केस काळे करणार आहे का. मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "बघू काय? बरगंडीच राहू दे. नंतर त्याला आश्चर्य नको."