दूरची चाकरी

मीरा रोड स्थानकावर सकाळीं साडेआठच्या सुमारास चर्चगेटच्या गाडीला लोंबकळणारा मनुष्य पाहिला, म्हणजे 'घरबसल्या नोकरी' हे शब्द त्याला किती गोड वाटत असतील याची कल्पना येते. २०२० च्या मार्चांत लोकल गाड्या बंद झाल्या आणि सॉफ्टवेअरच्या धंद्यांतील मंडळींना ही गोडी प्रत्यक्ष चाखावयास मिळाली. पुढें कचेऱ्या उघडल्या. २०२३ सालीं टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससारख्या बड्या कंपनीनेंही नोकरांना आठवड्याचे पाचही दिवस कचेरींत बोलाविलें. गोडी मात्र जिभेवर राहिली.

शांतिनगरांत राहणारा आमचा एक जुना विद्यार्थी परवां घरीं आला. वय चव्वेचाळीस, सॉफ्टवेअर लिहिण्यांत वीस वर्षें गेलेलीं. वडिलांना अर्धांगवायू झाल्यामुळें त्याला घरीं राहून करण्याजोगी नोकरी हवी. "सर, सात महिन्यांत शंभरावर अर्ज केले. माझ्या हाताखालीं शिकलेल्या पोरांना अशा नोकऱ्या मिळतात. मलाच कां नाहीं?" तो शिफारसपत्र मागावयास आला होता.

वरवरचीं कारणें उघड आहेत. अंधेरीच्या नोकरीसाठीं अंधेरीला पोहोचूं शकणारेच अर्ज करतात. घरबसल्या नोकरीसाठीं इंदूरचे आणि कोचीचेही करतात. त्या ढिगाला पहिली चाळण बहुधा यंत्र लावतें, आणि यंत्र शब्द शोधतें, शहाणपण नव्हे. परदेशी कंपनीला येथील कर व कामगार-कायदे यांचा बोजा नको असतो. न्यूयॉर्कचें घड्याळ हिंवाळ्यांत आपल्या साडेदहा तास मागें. त्यांची सकाळ ती आपली रात्र.

पण हीं विघ्नें तरुणांनाही आहेत. मग अनुभवी माणसाचेंच घोडें कां अडावें? आम्हांस वाटतें, अनुभव ही मुळीं शेजारीं बसणाऱ्यालाच दिसणारी वस्तु आहे. मध्यरात्रीं बंद पडलेली यंत्रणा त्यानें चालू केली. त्याहून मोठी गोष्ट, एक चुकीचा बेत वेळींच "नको" म्हणून थांबविला. न झालेल्या नुकसानीचा दाखला कोण देणार? लिहिलेलें सारें कंपनीच्या मालकीचें. तें बाहेर दाखविण्याची मुभा नाहीं. तरुण कोडीं चटकन सोडवितो, पगारही थोडका मागतो. याची वीस वर्षांची पत कचेरीच्या चार भिंतींत जमा. बाहेर पडतांच तें नाणें चालेनासें झालें.

दुसऱ्यांना दोष तरी कसा द्यावा? निवडसमितीवर बसलों असतां आम्हींही अर्ज असेच चाळले आहेत. ओळखीचें नांव दिसलें कीं हात थांबे. अनोळखी माणसाचीं पंचवीस वर्षें आम्हीं एका मिनिटांत उलटलीं.

शिफारसपत्र लिहूं लागलों, तों "हुशार, मेहनती, सुशील" यांपुढें लेखणी चालेना. वीस वर्षांत त्यानें काय केलें, हें आम्हांस ठाऊकच नव्हतें! शेवटीं त्याला बोलावून सांगितलें, "हें पत्र तुझ्या कामाचें नाहीं. ज्यांची अडचण तूं निवारलीस त्यांच्याकडे जा. आणि ती कशी निवारलीस तें, कंपनीचें गुपित न फोडतां, चार पानांत लिही."

"सर, पुन्हां निबंध?" तो हंसला.

आठवड्यानें पानें घेऊन आला. त्यांतील तांत्रिक भाग आम्हांस फारसा उमगला नाहीं. पण आपला विद्यार्थी कोण आहे, हें प्रथमच कळलें. नोकरी अद्याप मिळालेली नाहीं. वडिलांच्या औषधाची वेळ झाली म्हणून तो चहा अर्धाच टाकून उठला.