पुडीचा कागद

परवा सातवीच्या मराठीच्या तासाला ‘उधारी’ हा शब्द आला. मुलांना अर्थ ठाऊक होता, पण उधारीची वही कुणीच पाहिलेली नव्हती. आता मोबाइल पुढे केला की हिशोब मिटतो. मला मात्र आमच्या मुंब्र्यातला वाणी आठवला.

एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला पारसिकचा डोंगर आणि मधून जाणारी रेल्वे, असं १९८०च्या दशकातलं ते मुंब्रा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चार-पाच दुकानं होती. चक्कीवर डबा ठेवताना अम्मीचा निरोप सांगायचा, ‘गव्हावरच दळा, बाजरीवर नको.’ चक्कीवाले मामू पापण्यांपर्यंत पांढरे. शेजारी बेकरी, रमजानात सेहरीच्या वेळीही तिथे दिवा असे. तासावर सायकल देणाराही होता, पण पंक्चर झालं तर पैसे आपले, म्हणून मी निम्मा वेळ टायर बघण्यातच घालवायची.

माझं खरं दुकान वाण्याचं. मोठी माणसं त्यांना शेठ म्हणत, आम्ही मुलं काका. मूळचे साताऱ्याकडचे. चार आण्यांची चहापत्ती असो की पाव किलो साखर, रद्दीच्या कागदात अशी बांधून देत की दोरा सोडेपर्यंत दाणा सांडत नसे. रद्दी ते मोहल्ल्यातूनच किलोवर घेत, त्यामुळे त्यात ‘इन्किलाब’ भरपूर. पण उर्दू कागदात त्यांनी कधी माल बांधला नाही. एकदा मी कारण विचारलं.

“त्यात अल्लाचं नाव असतं ना पोरी? पायाखाली आलं तर?”

तो गठ्ठा ते वेगळा ठेवत आणि मशिदीतल्या माणसाकडे देत. तो कागद खाडीत ठंडा केला जाई.

त्यामुळे आमच्या घरात येणारी प्रत्येक पुडी मराठी. शाळा उर्दू माध्यमाची, तिथे मराठी परीक्षेपुरतं. बाकीचं मी पुड्यांवर वाचलं. तूरडाळीवर क्रिकेट, जिऱ्यावर निधनवार्ता. ‘गृहकृत्यदक्ष’ हा शब्द तिखटाच्या पुडीवर भेटला, स्थळांच्या जाहिरातीत. अर्थ विचारायला गेले तर काका इतके हसले की तराजू हलायला लागला. एकदा ‘चांदोबा’तली गोष्ट राक्षस झाडावरून उतरतो तिथेच फाटलेली होती. मी परत गेले. गिऱ्हाइकं खोळंबली असताना काकांनी अख्खी रद्दी उपसली. पान सापडलं नाही. मग त्यांनीच पुढची गोष्ट सांगितली, बहुधा मनाने रचून.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबईत दंगली झाल्या. त्यानंतर तिथली कितीतरी मुस्लिम कुटुंबं मुंब्र्यात आली. भराभर इमारती उठल्या, गल्ली ओळखू येईना. काही घरं उलट दिशेने गेली, त्यात काकांचं होतं. त्यांना कुणी जा म्हटलं नाही, असं आम्ही इतकी वर्षं सांगत आलो आहोत. ते खरंही आहे. पण ‘थांबा’ असं तरी कुणी म्हटलं होतं का, हे मी अब्बांना कधी विचारलं नाही. आता अब्बा नाहीत.

एवढं आठवतं, की पगार झाल्यावर अब्बा बाकी द्यायला गेले आणि तसेच परत आले. शटर खाली होतं. नव्या मालकाकडे पत्ता नव्हता. अम्मीने ते पैसे बरेच दिवस डब्यात वेगळे ठेवले होते. पुढे कुठल्यातरी आजारपणात संपले असतील.

गेल्या वर्षी अम्मी गेली. तिच्या पेटीत आमच्याकडची ती छोटी लाल वही निघाली. शेवटच्या पानावर काकांचं तिरकं अक्षर: साखर, चहापत्ती, काड्यापेटी, नीळ. खाली बाकी ८७ रुपये ५० पैसे. मागच्या पुठ्ठ्यावर मी पेन्सिलीने ‘गृहकृत्यदक्ष’ लिहिलं होतं, चुकीचं. काकांनी निळ्या शाईने ‘कृ’ दुरुस्त केला होता.

‘उधारी’च्या दुसऱ्या दिवशी ती वही वर्गात नेली. मुलांनी यादी मोठ्याने वाचली. नीळ म्हणजे काय, ते समजावून सांगावं लागलं. वही हातोहात फिरून मागच्या बाकावर गेली, तिथून एकाने विचारलं, “टीचर, मग पैसे दिले का?”

“नाही,” मी म्हटलं. “राहिले.”