शाळेचा दाखला आणि पोलीस ठाणे

आपल्या वस्त्यांत पोलीस ठाण्यातून बोलावणे आले की दोन गोष्टींची शोधाशोध सुरू होते : ओळखीचा पुढारी आणि उसने पैसे. कायदा काय सांगतो, हे कोणी विचारत नाही. ते आपल्याला कोणी शिकवलेलेच नसते.

आम्ही मोहल्ल्यातल्या चौघींनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विधी स्वयंसेवकाचे प्रशिक्षण घेतले. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने ही योजना २००९ साली सुरू केली. त्यासाठी वकिलीची पदवी लागत नाही. घरात थोडी कुरबुर झाली, "कोर्टकचेरी हे बायकांचे काम आहे का?" आम्ही म्हणालो, "पोरगा पकडला गेला तर ठाण्याच्या दारात रात्रभर कोण उभे असते? आईच ना?"

तिथे आम्हाला राज्यघटनेचे कलम २२ समजले. अटकेचे कारण सांगावे लागते, वकिलाला भेटू द्यावे लागते आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावे लागते. कोठडीतल्या कोणालाही आणि कोणत्याही स्त्रीला, मग उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा फोन नंबर आहे.

गेल्या हिवाळ्यात हे सारे कामी आले. गल्लीतल्या सतरा वर्षांच्या मुलाला मोबाइल चोरीच्या संशयावरून रात्री नेले. शेजारी पैसे जमवू लागले. आम्ही त्याच्या आईला विचारले, "आपा, शाळेचा दाखला कुठे आहे?" पत्र्याच्या पेटीतून दाखला निघाला आणि तो घेऊन आम्ही तिच्याबरोबर ठाण्यात गेलो.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी असावा लागतो आणि त्यालाही या कामाचे प्रशिक्षण द्यावे लागते. टेबलावरचे हवालदार आधी वैतागले. मग ते अधिकारी आले, साध्या कपड्यांत. त्यांनी दाखला पाहिला आणि मुलाला कोठडीबाहेर आणून आईजवळ बसवले. दुसऱ्या दिवशी बाल न्याय मंडळाने त्याला जामिनावर आईच्या ताब्यात दिले. मुलगा दोषी आहे की नाही, ते मंडळ ठरवील. पण कोठडीतली ती एक रात्र टळली, हे काही थोडे नाही.

ना पैसे द्यावे लागले, ना आवाज चढवावा लागला. टेबलाच्या अलीकडे आम्ही शिकलेलो होतो, पलीकडे ते अधिकारी. एकच बाजू शिकलेली असती तर त्या रात्री भांडण तरी झाले असते, नाहीतर नुसती विनवणी.

म्हणून बहिणींनो, मुलांचे शाळेचे आणि जन्माचे दाखले आजच एका पिशवीत घालून सर्वांना ठाऊक असलेल्या जागी ठेवा. आणि तालुक्याच्या विधी सेवा समितीत जाऊन पुढचे प्रशिक्षण कधी आहे, ते विचारा. प्रत्येक मोहल्ल्यात अशी निदान एक तरी बाई हवी, जिचे दार रात्री वाजवता येईल.