कूलरच्या टाकीत चपला

रात्री तीनच्या सुमाराला ‘डुबुक’ असा आवाज आला. थोड्या वेळाने परत एकदा. नळ गळत असेल म्हणून मी कूस बदलली, हात शेजारी गेला, तर गादी रिकामी.

२०२५च्या मार्चमधली ही गोष्ट. रमजानचे दिवस होते. आमची लेक तेव्हा पावणेदोन वर्षांची. हैदराबादेत मार्च लागला की माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. काचीगुड्यातल्या आमच्या घरातलाही आदल्याच दिवशी उतरवला होता. गवत बदललं, टाकी धुऊन थोडं पाणी भरून ठेवलं, एका बाजूची जाळी बसवायची राहिली होती. त्या उघड्या बाजूला लेक मांडी घालून बसलेली. फ्रॉक छातीपर्यंत ओला. टाकीत यांच्या दोन्ही चपला, टीव्हीचा रिमोट, दोन बटाटे आणि माझं लाटणं. एकेक वस्तू ती बुडवायची, पुन्हा वर काढून दिव्याकडे धरायची आणि टपटप पडणाऱ्या थेंबांकडे बघत राहायची. मला बघून म्हणाली, “नीळ्ळु!” दिवसा तिला सांभाळणाऱ्या बाई तेलुगू, त्यामुळे पाण्याला तिच्याकडे हाच शब्द.

प्लग काढलेला आहे ना, हे मी आधी पाहिलं. काढलेला होता. पण एवढ्या लेकराला वीतभर पाणीसुद्धा जीवघेणं ठरतं, हे माहीत असून मी टाकी उघडी ठेवली होती. ती भीती माझ्या तोंडून रागाच्या रूपात बाहेर पडली. मी तिच्यावर ओरडले, हाताला धरून ओढलं. ती घाबरली आणि मोठ्यांदा रडायला लागली. “नक्को, नक्को!”

हा शब्द आमच्या घरात फार जुना. यांचे आजोबा नोकरीसाठी नांदेडहून इथे आले तेव्हा मराठवाडा आणि हैदराबाद एकाच राज्यात होते. १९५६मध्ये मराठवाडा वेगळा झाला, पण घरातला ‘नक्को’ तसाच राहिला.

हे उठून आले. सकाळी सहाची ड्यूटी, डोळे धड उघडत नव्हते. एक शब्द न बोलता त्यांनी तिला उचललं, फ्रॉक काढला, टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि दार उघडून जिन्यात जाऊन उभे राहिले. मी फरशी पुसत होते. पुसता पुसता जाणवलं, ती तर दिवसभर मला भांडी विसळताना बघते, तेच तिने केलं होतं. तीन वाजले होते ते मला, तिला नव्हे.

वरच्या मजल्यावर सहरीची तयारी चालली होती. तव्यावर काहीतरी चुरचुरत होतं. वरच्या खाला कठड्यावरून वाकल्या.

“बच्ची कायकू रोरई बेटा?”

“पानी में खेलरी थी खाला. अम्मी चिल्लाए.”

त्या खाली आल्या. पदराला हात पुसून त्यांनी खजुराची बी काढली, चिमटीएवढा तुकडा लेकीच्या तोंडात ठेवला आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, “नक्को चिल्लाओ बेटा, डर जाती.” मला तिथेच रडू आलं. त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि वर गेल्या. तवा गॅसवर होता.

सकाळी नांदेडला सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “अगं, दुपारी पाचपर्यंत झोपवता तिला, मग लेकरू रात्री काय करणार?” त्यांचं बरोबर होतं. एक-दोन वर्षांच्या मुलांना दुपारची धरून ११ ते १४ तास झोप लागते, आणि तिची तेवढी होतही होती, फक्त भलत्या वेळी. बाईंना सांगून दुपारची झोप तीनच्या आत संपवायला लावली. आठवडाभरात फरक पडला. टाकी त्याच दिवशी रिकामी करून जाळी बसवली. आता जेवढं लागेल तेवढंच पाणी रात्री ती झोपल्यावर भरते. रिमोट दोन दिवस खिडकीत उन्हात ठेवला, तो परत चालू झाला नाही. चपला वाळल्या.

त्यानंतरही ती एकदा पहाटे जागी झाली. या खेपेला मी दिवा लावला नाही, तिला छातीशी धरून पडून राहिले. वर भांड्यांचा आवाज येत होता. तिने अंधारात छताकडे बोट केलं आणि हळूच म्हणाली, “खाला.”

“हो, खाला,” मी म्हटलं.