जहाजाच्या आदल्या दिवशी

प्रवास ठरला की घरातल्या बाईकडे दोन कामं येतात. एक डबे भरण्याचं, दुसरं सगळ्यांची मनं जुळवण्याचं. पहिलं सोपं. ठेपले, खाकरे, भाजलेले पोहे, चिवडा, सगळं कांदा-लसूण-बटाट्याशिवाय. एवढ्या वर्षांत हाताला वळण पडलंय. दुसऱ्या कामासाठी मात्र डबा मिळत नाही.

या डिसेंबरात आम्ही नऊ जण मुंबई-गोवा-मुंबई अशा जहाजावर दोन रात्री राहणार आहोत. सासूबाईंना ऐंशीवं वर्ष लागतंय, त्यानिमित्त. चातुर्मासात आमच्याकडे लांबचा प्रवास होत नाही, त्यामुळे दिवाळी आणि कार्तिकी पौर्णिमा उलटल्यावरच्या तारखा काढल्या. मुलगा, सून आणि सात वर्षांचा नातू इंदूरहून, धाकटे दीर-जाऊबाई आणि त्यांची लेक पुण्याहून, आणि आम्ही तिघं इथून, भैरवगढहून.

हे सगळं ठरेपर्यंत जे झालं ते आधी सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सासूबाईंनी दहा वर्षांपूर्वी महाराजांपुढे दिग्व्रत घेतलं. म्हणजे आयुष्यभर कुठल्या दिशेला कुठपर्यंत जायचं याची मर्यादा. पूर्वेला सम्मेदशिखरजी, उत्तरेला हस्तिनापूर, पश्चिमेला गिरनार, दक्षिणेला श्रवणबेळगोळ. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अशा मर्यादांच्या खुणा सांगितल्या आहेत, नदी, जंगल, डोंगर वगैरे, आणि त्यात पहिलंच नाव समुद्राचं आहे. तेव्हा जहाज म्हटल्यावर सासूबाई विचारात पडल्या. मुलाला आधी लक्षद्वीपची सफर हवी होती. मी नातवाचा शाळेचा नकाशा काढला. बी.ए.ला भूगोल एक विषय होता माझा. तो असा कामाला येईल असं वाटलं नव्हतं. श्रवणबेळगोळ 13 अंश अक्षांशाच्या जरासं खाली, आणि लक्षद्वीपची बेटं 12 च्याही खाली पसरलेली. म्हणजे दक्षिणेची सीमा ओलांडली जाते. लक्षद्वीप बाद. गोवा 15 अंशांच्या वर, आणि मुंबई ते गोवा हा सगळा किनारा गिरनारच्या रेखांशाच्या पूर्वेलाच. सासूबाईंनी चष्मा लावून बोटाने ती रेघ दोनदा पाहिली आणि म्हणाल्या, "मग चालेल." नातवाला यातला सगळ्यात आवडलेला भाग वेगळाच. पूर्वीच्या ज्योतिषांनी रेखांशाचं शून्य उज्जैनीवर धरलं होतं, हे कळल्यावर तो आठ दिवस सगळ्यांना सांगत होता की आजोबांचं घर शून्यावर आहे.

इतकं नीट बसलेलं असताना मध्ये आला तो आदला दिवस.

जहाज काही आपल्यासाठी थांबत नाही. बंदरावर हजर राहायची वेळ दिलेली असते, ती टळली की फाटक बंद. अवंतिका एक्सप्रेस संध्याकाळी उज्जैनहून निघते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मुंबई सेंट्रलला पोचते; वेळेवर आली तर त्याच दिवशी जहाज गाठता येतं. पण गाडीच्या भरवशावर नऊ जणांची सफर टांगणं बरं नाही, म्हणून एक दिवस आधी पोचायचं हे सगळ्यांनाच पटलं. आता त्या मोकळ्या दिवसाचं काय करायचं?

माझी भाची अमेरिकेत असते. तिकडे फ्लोरिडात ऑर्लँडोला 1971 पासून डिस्ने वर्ल्ड आहे, आणि तिथून तासाभराच्या रस्त्यावर पोर्ट कॅनॅव्हरल हे जहाजांचं बंदर. लोक आधी डिस्ने करतात, मग जहाजावर चढतात. तिने तेच केलं होतं. तिने फोनवर सांगितलं, "मामी, तुमच्याकडे इमॅजिका आहे ना! तसंच करा." झालं. मुलाने लगेच सगळं मांडलं. पहाटे उतरायचं, तडक गाडी करून खोपोली, दिवसभर पार्क, रात्री तिथेच हॉटेल, सकाळी परत मुंबई आणि दुपारी जहाज. नातवाने त्याच क्षणी पिशवीत टोपी टाकली.

मी मोडता घालणारी बाई नाही. इमॅजिका 2013 ला सुरू झालं तेव्हापासून आमच्या नात्यातली पुण्या-मुंबईची मुलं तिथे जात आली आहेत, आणि लाल मोठ्या रोलर कोस्टरचे व्हिडिओ मी रात्री एकटीने पाहिलेत. ते पुढे येईल. पण मी कागद घेतला आणि तो दिवस तासांनी लिहून काढला. दोन टोकं खर्चाच्या हिशेबात नव्हतीच.

पहिलं टोक इथलं. डिसेंबरच्या शेवटी भैरवगढहून स्टेशन गाठणं हाच एक प्रवास असतो. 2022 मध्ये महाकाल लोक झालं तेव्हापासून उज्जैनची गर्दी फार वाढली, आणि महाकालचं दर्शन झालं की माणसं कालभैरवाकडे वळतात. तो रस्ता आमचा. (देवाला मद्याचा नैवेद्य, हातात बाटल्या घेतलेली रांग, आणि शेजारी पाणी गाळून पिणारं आमचं घर. एवढ्या वर्षांत कुणाला कुणाचं काही वाटेनासं झालंय.) वर ह्यांचं बाटिकचं दुकान. लग्नसराईच्या चादरी आणि ड्रेस मटेरियलचा हंगाम, हे निघण्याच्या तासापर्यंत गल्ल्यावर असणार. सासूबाई सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नाहीत. म्हणजे दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण, औषध, आणि मग त्या गर्दीतून स्टेशन. रात्रभर गाडीत झोप येणार नाही, कारण त्यांना कधीच येत नाही. पहाटे उतरायचं ते पुन्हा मोटारीत बसायला.

दुसरं टोक पार्कातलं. मी मुलाला विचारलं, "आजी दिवसभर तिथे काय करणार रे?"

"बसेल की सावलीत. तू आहेसच ना तिच्याजवळ."

रागाने नव्हे, अगदी सहज म्हणाला. म्हणूनच मी थांबले. मैत्रिणींनो, "तू आहेसच ना" हे वाक्य आपल्यापैकी कितीजणींनी किती वेळा ऐकलं असेल! 1994 मध्ये आम्ही सगळे एस्सेलवर्ल्डला गेलो होतो, गोराईच्या खाडीपलीकडे. बोटीतून जायचं, केवढं अप्रूप. पार्क 1989 चं, अजून नवंच होतं. हाच मुलगा वर्षाचा. त्या दिवसाची माझी आठवण म्हणजे एक बाक, चार पिशव्या आणि मांडीवर झोपलेलं बाळ. बाकीचे ओले होऊन, केस विस्कटून, ओरडून घसा बसलेले परत येत आणि पाणी पिऊन पुन्हा जात. मला कुणी मुद्दाम बसवलं नव्हतं. कुणीतरी बसायला हवं होतं, आणि मी होतेच.

आता तेवीस वर्षांची असल्यासारखं मला त्या पाळण्यात बसायचं आहे, असं नाही. पण बसायचं आहे. रक्तदाब ठीक, पाठ ठीक, डॉक्टरांना विचारून झालं. हे मी त्या दिवसापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

शिवाय जिच्यासाठी ही सफर, तिला कुणी विचारलं होतं का? संध्याकाळी सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल लावताना मी विचारलं, "आई, पार्कात यायला जमेल का?"

"मुलं म्हणतात तर येईन."

"तुम्हाला काय हवंय?"

जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मला पहाट बघायची आहे. जहाजावरून. चहूकडे पाणी असताना उजाडतं कसं ते." आणि मग हळूच, "म्हणून तर मी रोज जिना चढतेय."

आमच्या गच्चीचा जिना. महिनाभर त्या रोज सकाळी कठडा धरून वर जात होत्या. मला वाटलं उन्हाला जातात. जहाजावर लिफ्ट असते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण मीही ते लगेच सांगितलं नाही, जिना चढण्यात त्यांचा जीव रमला होता.

हिशेब तिथेच झाला. दोन रात्रींच्या सफरीत समुद्रावरच्या पहाटा किती? मोजून दोन, त्यातली दुसरी तर मुंबई जवळ येण्याच्या धांदलीत. आदल्या दिवशी रात्रभर गाडी, मग खोपोली, मग दिवसभर उन्हात खुर्ची, मग परत मुंबई, असं झालं तर पहिली पहाट सासूबाई केबिनमध्ये पडून काढणार. गुडघा सुजला की दोन दिवस उतरत नाही हे मला ठाऊक आहे, कारण शेकायला मीच असते.

मुलाचं म्हणणंही खोटं नव्हतं. 2024 मध्ये अटल सेतू झाल्यापासून खोपोलीहून दक्षिण मुंबईत यायला पूर्वीइतका वेळ लागत नाही. "आई, तू उगाच घाबरतेस," तो म्हणाला. पण द्रुतगती मार्गावर सुट्टीच्या दिवसांत एक ट्रक आडवा झाला तर पूल काय करणार? ऑर्लँडोतून बंदराला जाणाऱ्यालाही ही भीती असणारच, पण त्याच्यामागे रात्रभराची आगगाडी नसते.

वाट सुनेने काढली, खरं तर नकाशा पुन्हा उघडा होता म्हणून. ती म्हणाली, "आई, काका-काकू पुण्याला परत जाणार ते खोपोलीवरूनच ना?" इतकं सरळ होतं! जहाज सकाळी मुंबईत परत येतं. पुण्याची मंडळी त्याच रस्त्याने जाणार. पार्क नंतर ठेवलं तर गाठायला जहाज नाही, दमलं तरी बिघडत नाही, झोपायला पुण्यात घर. नातवाला "नंतर" हा शब्द आवडला नाही. दोन दिवस तो माझ्याशी तुटक बोलला. मग त्याच्या काकाने उंचीची अट सांगितली, आणि तेवढ्या दिवसांत आपण वाढू अशी आशा त्याला लागली. मी ती मोडली नाही.

आदला दिवस तसाच मोकळा ठेवला आहे. मुंबईत माझ्या चुलत बहिणीकडे उतरायचं, सासूबाईंनी आडवं व्हायचं. डिसेंबरात मुंबईत सूर्य उज्जैनपेक्षा पंधरा-वीस मिनिटं उशिरा मावळतो, तेवढं जेवणही निवांत.

शेवटचा प्रश्न रात्री जेवणानंतर निघाला. पार्कात जायचं त्या दिवशी सासूबाईंना घेऊन अवंतिकेने कोण परत येणार? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आईंचा मुलगा आहेच की. मी खोपोलीला जाणार आहे. त्या लाल गाडीत बसायला."

एक क्षण कुणी बोललं नाही. मग जाऊबाई फोनवर इतक्या मोठ्याने हसल्या की नातू दचकला. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे तिला." हे काही बोलले नाहीत. दुकानाच्या वहीत खाली मान घालून काहीतरी लिहीत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात जायच्या आधी ते स्वयंपाकघरात आले आणि विचारलं, आईच्या गोळ्या गाडीत किती वाजता, आणि पाणी उकळलेलं किती बाटल्या लागेल. मी म्हटलं, फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर सगळं आहे. ते कागदापुढे उभे राहिले, खिशातून पेन काढलं आणि बिलाच्या पाठीमागे उतरवून घेऊ लागले. मधेच थांबून म्हणाले, "ही पांढरी गोळी कसली?"